डिझेल पिकअपचा ब्रेक घाटात हार्ड होतो: बूस्टर बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न असा आला आहे. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेजमार्गे वाशीला जाणारी डिझेल पिकअप. सपाट रस्त्याला ब्रेकची काहीच तक्रार नाही. घाट उतरायला लागलं की पहिले दोन-तीन ब्रेक चांगले लागतात, मग पेडल हार्ड होतं, इतकं की दोन्ही पाय द्यावे लागतात. खाली चहाला थांबून पुन्हा निघालं की सगळं ठीक. मागचे लायनर आणि पुढचे पॅड नवीन टाकले, ब्रेक ऑइल बदललं, हवा काढली. फरक शून्य. आता गॅरेजमध्ये सांगतात की बूस्टर गेलाय. बदलू का?

आत्ता बदलू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून बूस्टर हा माझ्या यादीतला शेवटचा संशयित आहे. पण त्याआधी एक गोष्ट ठाम सांगतो: दोष सापडेपर्यंत ही गाडी भरून घाटात घालू नका. माल दुसऱ्या गाडीने पाठवा. "आजची एक फेरी मारून घेतो, उद्या बघू" असं या दुखण्यात चालत नाही, कारण हा दोष सपाटीला लपून राहतो आणि उतारावर, मागे दीड टन माल असतानाच बाहेर येतो.

बूस्टर कसा चालतो हे डोळ्यांसमोर आलं की पुढची सगळी तपासणी आपोआप सुचते. पेडल आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा सिलिंडर) यांच्यामध्ये जो काळा गोल डबा असतो त्यात मधोमध एक रबरी पडदा आहे. पाय पेडलवर नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते, म्हणजे दोन्हीकडे व्हॅक्यूम. पेडल दाबलं की आतला व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंमधली वाट बंद करतो आणि पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा आत सोडतो. एका बाजूला वातावरणाचा दाब आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि तुमच्या पायाला मदत मिळते. ही मदत केवढी असते बघा. ९ इंची बूस्टरच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ४१० चौरस सेंटीमीटर. पाऱ्याच्या ६०० मिलिमीटर इतका व्हॅक्यूम असेल तर त्यावर सुमारे ३३० किलोचा जोर येतो. आतल्या रॉडची आणि कडांची जागा वजा केली तरी ३०० च्या आसपास. व्हॅक्यूम गेला की हा सगळा जोर मांडीतून काढावा लागतो.

आता महत्त्वाचा भाग. बूस्टरमधला व्हॅक्यूम हा साठा आहे. प्रत्येक वेळी ब्रेक दाबून सोडला की थोडी हवा आत येते आणि साठा कमी होतो. मग इंजिनवर चालणारा व्हॅक्यूम पंप ती हवा ओढून साठा पुन्हा भरतो. सपाट रस्त्यावर एका ब्रेकनंतर दुसरा ब्रेक बऱ्याच वेळाने येतो, तेवढ्यात अगदी मरतुकडा पंपसुद्धा साठा भरून काढतो. घाटात वळणामागे वळण येतं आणि भरायला वेळच मिळत नाही. म्हणून "पहिले दोन-तीन चांगले, मग हार्ड, थांबल्यावर पुन्हा चांगला" याचा सरळ अर्थ असा की साठा बनतोय, टिकतोयही, पण भरण्याचा वेग कमी पडतोय. पडदा फाटला असता किंवा बूस्टरचा आतला व्हॉल्व्ह गेला असता तर नारायणगावच्या चौकातसुद्धा पेडल हार्ड लागलं असतं. तेव्हा शोध पंपापासून बूस्टरपर्यंतच्या वाटेत घ्यायचा.

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या, कारण घाटात ब्रेक न लागण्याची आणखी दोन कारणं आहेत आणि तिन्हींचा गोंधळ सर्रास होतो. एक म्हणजे लायनर तापून पकड सोडणं. यात पेडल नेहमीइतकंच खाली जातं, पायाला नेहमीसारखंच लागतं, पण गाडी थांबत नाही. जळका वास येतो, कधी चाकातून धूर दिसतो. दुसरं म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. यात पेडल स्पंजसारखं मऊ होतं आणि थेट फळीला टेकतं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालेलं तेच ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. तुमचं ऑइल नवीन आहे आणि पेडल मऊ होत नाही, म्हणजे हे कारण बाद.

लायनर तापले की व्हॅक्यूम संपला, हे ओळखायची खात्रीची रीत सांगतो. रिकामी गाडी घेऊन जा, शेजारी कुणाला तरी बसवा, रहदारी नसेल अशी वेळ बघा. उताराला पेडल हार्ड झालं की सुरक्षित जागी गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद करू नका. पेडलला पाय न लावता अर्धा मिनिट थोडी रेस देऊन धरा आणि मग ब्रेक दाबून बघा. पेडल पुन्हा नरम झालं तर प्रश्न व्हॅक्यूमचा. तापलेले ड्रम अर्ध्या मिनिटात थंड होत नाहीत, साठा मात्र तेवढ्यात भरतो. तुम्ही चहाला थांबता तेव्हा या दोन्ही गोष्टी घडतात, म्हणून नुसत्या चहाच्या थांब्यावरून भेद करता येत नाही.

आणि एक प्रश्न तुम्हाला विचारायलाच हवा: घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते की न्यूट्रलमध्ये? डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून, काहीजण तर इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद असताना पंप फिरतच नाही. साठ्यातले दोन-तीन ब्रेक मिळतात आणि संपलं. पॉवर स्टिअरिंगही जातं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी आयडलिंगला पंप सगळ्यात हळू फिरतो, आणि इंजिनचा ब्रेक मिळत नसल्याने पायाचा ब्रेक जास्त वापरावा लागतो. खर्च वाढला आणि भरणा घटला. आजच्या डिझेल इंजिनमध्ये तर गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात, तेव्हा न्यूट्रल मारून वाचत काहीच नाही, उलट आयडलिंगचं डिझेल जळतं. ही सवय असेल तर आजपासून बंद करा, मग गाडीत दोष निघो वा न निघो.

या प्रश्नाच्या उत्तरावर निदानही फिरतं. न्यूट्रलमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये आयडलिंगलाच पेडल हार्ड होत असेल आणि रेस दिल्यावर सुधारत असेल, तर पंप झिजलाय किंवा कुठेतरी बारीक गळती आहे. पण दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन चांगलं फिरत असतानासुद्धा हार्ड होत असेल, तर पंप भरपूर ओढतोय आणि तरी बूस्टरपर्यंत ते पोचत नाही, म्हणजे वाटेत अडथळा आहे. किंवा बेल्ट घसरतोय.

आता पाना हातात न घेता पायाने करायच्या तीन चाचण्या. पहिली: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठा रिकामा होईल. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. लगेच सरकलं तर उत्तम. पाच-दहा सेकंदांनी, रखडत सरकलं तर भरणा कमी. अजिबात हललं नाही तर मदत पोचतच नाही. दुसरी: इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबून पेडल दाबा. पहिला दाब खोल जायला हवा, दुसरा त्याहून वर, तिसरा आणखी वर. पहिलाच दाब हार्ड आला तर साठा टिकत नाही, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), त्याचं रबर किंवा बूस्टर गळतोय. तिसरी: इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. पेडल पायाला वर ढकलायला लागलं तर बूस्टरच्या आत गळती आहे. या तिन्ही चाचण्या इंजिन थंड असताना एकदा आणि चांगलं तापल्यावर पुन्हा करा. तुमच्या केसमध्ये दुसऱ्या वेळचा निकाल जास्त बोलका असेल.

दुसरी आणि तिसरी चाचणी गरम इंजिनवर पास झाली, तर गॅरेजवाल्यांना स्पष्ट सांगा की बूस्टर साठा धरून ठेवतोय, तो बदलायचा नाही.

पुढचं काम व्हॅक्यूम गेजचं. गेज आणि टी-जॉइंट मिळून तुमच्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडतं, आणि माझ्या मते माल वाहणाऱ्या डिझेल गाड्यांचं काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजमध्ये ते असायलाच हवं. गेजशिवाय व्हॅक्यूमचं निदान करणं म्हणजे एकेक पार्ट बदलत नशीब आजमावणं, आणि तो खर्च गाडीमालकाच्या खिशातून जातो. तुमच्याच गाडीत लायनर, पॅड आणि ऑइल कुणीही व्हॅक्यूम न मोजता बदलले गेले.

गेज दोन जागी लावून वाचायचं: एकदा पंपाच्या तोंडाशी, एकदा बूस्टरच्या तोंडाशी. आधी पंपाचा पाइप काढून गेज थेट पंपाला लावा. चांगला पंप आयडलिंगलाही काही सेकंदांत ६०० मिलिमीटरच्या वर नेतो. इथे एक लक्षात ठेवा, समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर असतो, पुण्यात तो ७१० च्या आसपास भरतो. म्हणून मुंबईत ६८० दाखवणारा पंप पुण्यात ६३५ दाखवेल आणि तरी तो तितकाच चांगला असेल. लेहला, ३५०० मीटरवर, वातावरणच ४९० च्या आसपास असतं. तिथे नव्या कोऱ्या गाडीचाही ब्रेक जड लागतो, आणि त्यात बिघाड काही नसतो.

मग सगळं जोडून टी-जॉइंटने बूस्टरच्या तोंडाशी वाचन घ्या, आणि हे वाचन स्थिर असताना घेऊन थांबू नका. शेजाऱ्याला पेडल चार-पाच वेळा सलग पूर्ण दाबून सोडायला लावा आणि काटा किती खाली येतो, परत वर जायला किती वेळ लागतो ते बघा. घाटात होतं ते हेच. काटा परत चढायला रखडत असेल तर तुमची तक्रार तिथेच, गॅरेजच्या फरशीवर पकडली गेली. आता तोच प्रयोग गेज पंपाच्या बाजूला लावून करा. पंपाकडे काटा वर आणि बूस्टरकडे खाली, तर मधला पाइप किंवा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह अडलेला. दोन्हीकडे खाली, तर पंप कमजोर किंवा गळती. दोन्हीकडे भरपूर आणि तरी पेडल हार्ड, तर दोष बूस्टरच्या आत किंवा त्याच्या पुढे. या तीन ओळींत बहुतेक गाड्यांचं निदान संपतं. साठा टिकतो का तेही गेजवर दिसतं: इंजिन बंद केल्यावर पंधरा सेकंदांत काटा २५ मिलिमीटरपेक्षा जास्त पडायला नको.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय पाइपवर आहे. व्हॅक्यूमचा पाइप आतून दोरा घातलेला, जाड भिंतीचा असतो, कारण त्याला आतून फुगवणारा दाब सोसायचा नसतो, बाहेरून चेपणारा दाब सोसायचा असतो. जुना पाइप इंजिनच्या उष्णतेने आणि ऑइलच्या वाफेने मऊ पडतो. थंड असताना ठीक वाटतो, तापला आणि पंपाने जोरात ओढलं की भिंती एकमेकींना चिकटतात. जितकी जास्त रेस तितकी जास्त ओढ, आणि तितका घट्ट चिकटतो. आमच्याकडे अशी एक पिकअप आली होती जिच्यात बूस्टर, मास्टर सिलिंडर दोन्ही नवे टाकले गेले होते. पाइप फाटल्यावर कुणीतरी रस्त्यात डिझेलचा साधा पाइप कापून जोडला होता. बाहेरून व्यास अगदी बरोबर, क्लिपा व्यवस्थित. इंजिन तापवून रेस दिली आणि पाइपला हात लावला तर वळणाजवळ तो चपटा झालेला बोटांना कळत होता. योग्य पाइप टाकला आणि गाडी ठीक होऊन गेली.

कधी कधी बाहेरून पाइप टणटणीत असतो पण आतला थर सुटून पडदा झालेला असतो. तो हाताला कळत नाही, दोन जागांच्या वाचनातच कळतो. पाइप काढलाच आहे तर कापून बघा, जुना पुन्हा लावू नका. नवीन घेताना दुकानात "व्हॅक्यूमचा" असं सांगूनच घ्या आणि वळण जिथे येतं तिथे मूळ आकाराचा मोल्ड केलेला पाइप मिळत असेल तर तोच घ्या.

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाइपमध्ये किंवा बूस्टरच्या तोंडाशी असतो. काढून फुंकून बघा: बूस्टरकडून इंजिनकडे हवा मोकळी जायला हवी, उलटी अजिबात नाही. मोकळी म्हणजे खरंच मोकळी, गाल फुगवून जोर लावावा लागत असेल तर तो आत चिकटाने अडलाय. त्यावरचा बाण इंजिनकडे येईल असा परत बसवा. बूस्टरमध्ये तो ज्या रबरी बुशात बसतो ते कडक होऊन चिरलंय का तेही बघा. काही रुपयांचं ते रबर असतं.

पंपाकडे वळू. पेट्रोल इंजिनला व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो, कारण तिथे थ्रॉटलची पाकळी हवा अडवते. डिझेलला अशी व्हॅक्यूम देणारी अडवणूक नसते, म्हणून वेगळा पंप लागतो. बऱ्याच पिकअपमध्ये तो डायनामोच्या मागच्या टोकाला, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. काहींत कॅमशाफ्टच्या टोकाला. तुमचा डायनामोवर असेल तर दोन गोष्टी ओघाने येतात. पहिली, फॅन बेल्ट ढिला असेल किंवा चकाकून गुळगुळीत झाला असेल तर चार्जिंग आणि ब्रेक दोन्ही एकत्र दुबळे पडतात. बेल्ट तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ अशा गाडीत "ब्रेकची मदत काही दाबांत संपणार" असाही आहे. प्रत्येक ड्रायव्हरला हे माहीत असलं पाहिजे. दुसरी, डायनामो कधी बदललाय का ते आठवा. जुना दुरुस्त केलेला, दुसऱ्या मॉडेलचा डायनामो बसवला जातो, चार्जिंग बरोबर येतं म्हणून कुणी पुढे बघत नाही, पण मागचा पंप लहान असतो. अशा गाडीची तक्रार हुबेहूब तुमच्यासारखी येते: साठा पूर्ण भरतो, पण सावकाश.

या पंपाला इंजिनचं ऑइल लागतं, पात्यांच्या वंगणासाठी आणि हवा अडवण्यासाठीही. ऑइल आणणाऱ्या बारीक नळीच्या बोल्टमधलं भोक गाळाने बुजलं की पाती कोरडी घासतात. ऑइल परत नेणारी नळी चेपली किंवा बुजली तर पंप ऑइलने भरतो, घरघर आवाज येतो, ओढ पडते. इंजिन ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या गाड्यांचे पंप आधी जातात. नवीन पंप टाकताना या दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत हे न बघता टाकला, तर तोही तसाच जाईल.

व्हॅक्यूमच्या पाइपमध्ये आतून इंजिन ऑइल ओलं लागतं का तेही बघा. बोटाला नुसता ओलसर थर असेल तर फार काळजी नको. पण पाइपमधून ऑइल निथळत असेल तर पंप बंद होताना ते बूस्टरकडे ओढलं जातंय. रबराला ते फुगवतं. अशा गाडीत बूस्टर खराब निघाला तरी तो बदलण्याआधी पंपाचं काम झालं पाहिजे.

कॉमन रेल इंजिन (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं डिझेल इंजिन) असेल तर आणखी एक वाट आहे आणि ती फार वेळा नजरेतून सुटते. बऱ्याच गाड्यांत याच पंपावरून बारीक नळ्या टर्बोच्या ॲक्च्युएटरला (टर्बो हलवणाऱ्या डबीला), ईजीआरला (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) आणि त्यांच्या सोलेनॉइडना (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हना) जातात. उंदराने कुरतडलेली किंवा उष्णतेने चिरलेली अशी एक नळी सतत हवा ओढते आणि पंपाची अर्धी ताकद तिथेच जाते. खूण अशी: चढावर गाडी ओढत नाही आणि उतारावर ब्रेक हार्ड होतो. ड्रायव्हर दोन वेगळ्या तक्रारी सांगतो, गॅरेज दोन वेगळी कामं काढतं, आणि दोष एकच असतो. एकेक फांदी बोटाने किंवा बोल्ट घालून बंद करा आणि गेज बघा. जी बंद केल्यावर काटा झटकन चढतो ती दोषी. तुमची गाडी अलीकडे चढाला दमते का, हे मला जरूर सांगा.

बूस्टर खरोखर गेला असेल तर तो आपलं दुखणं लपवत नाही. पेडल दाबताना क्षणभर येणारा सुस्कारा नॉर्मल आहे. पाय दाबून ठेवलेला असताना सतत सुसू आवाज डॅशबोर्डखालून येत राहिला, तर पडदा किंवा आतला व्हॉल्व्ह गेला. बूस्टर मरण्याचं मोठं कारण त्याच्या पुढे बसलेलं असतं: मास्टर सिलिंडरचं मागचं सील. ते गळलं की ब्रेक ऑइल बाहेर कुठेच दिसत नाही, थेट बूस्टरमध्ये ओढलं जातं. डबीतलं ऑइल कमी होतं आणि चाकाशी, पाइपाशी सगळं कोरडं. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून, पाइप न काढता, तो जरा पुढे ओढून मागची बाजू बोटाने पुसून बघा. ओली असेल तर बूस्टर आणि मास्टर दोन्ही सोबत बघावे लागतील. एकटा बूस्टर टाकला तर काही महिन्यांत तोच पुन्हा भिजतो.

बूस्टर उघडून किट टाकून देतो म्हणणारे भेटतील. डब्याची कड कारखान्यात दाबून बंद केलेली असते. ती उचकटून पुन्हा ठोकलेली कड हवाबंद राहील असं कुणी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून मी ते करत नाही आणि करायला सांगतही नाही. नवीन बसवताना पुढच्या रॉडची लांबी जुन्याशी जुळवून घ्या. रॉड किंचित लांब राहिला तर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ब्रेक चिकटून राहतात, ड्रम तापतात आणि नवीनच तक्रार सुरू होते.

व्हॅक्यूम सगळीकडे भरपूर निघाला आणि तरी गाडी थांबत नसेल, तर बघायच्या गोष्टी वेगळ्या: चकाकलेले लायनर, जाम झालेले व्हील सिलिंडर किंवा कॅलिपर, आतून बंद झालेला चाकाजवळचा रबरी पाइप. पण पिकअपमध्ये एका गोष्टीकडे मी हमखास बघतो, ती म्हणजे मागच्या ॲक्सलजवळचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. चेसिस आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर एका दांडीने मोजून तो ठरवतो की मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा. गाडी रिकामी असेल तर मागचं चाक लॉक होऊन घसरू नये म्हणून दाब कमी, भरली की जास्त. आपल्याकडे जास्त माल भरता यावा म्हणून मागे जादा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) टाकतात. मग भरलेली गाडीसुद्धा खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक अर्धेच लागतात. सगळा भार पुढच्या पॅडवर येतो, ते घाटात तापतात. तुम्ही जादा पाटे टाकले असतील तर त्या दांडीची सेटिंग कंपनीच्या मापाने करून घ्या, आणि खरं म्हणजे ते पाटे काढून परवान्याइतकाच माल भरा.

उतारावर पेडल अचानक हार्ड झालं तर काय करायचं हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. पंपिंग करायचं नाही. मऊ पेडलला पंपिंगने दाब येतो, हार्ड पेडलला पंपिंग केलं की उरलेला साठा संपतो. एकदाच, दोन्ही पायांनी, सगळा जोर लावून दाबून धरायचं. ब्रेक जड झालाय, गेलेला नाही, पायाने दिलेला दाब चाकापर्यंत जातोच. सोबत एकेक गिअर खाली, हँडब्रेक हळूहळू, बटण दाबून धरून. इंजिन बंद पडलं असेल तर किल्ली ऑनच ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल, आणि गाडी गिअरमध्ये घालून क्लच सोडायचा. चाकं इंजिनला फिरवतात, इंजिन पंपाला फिरवतं, आणि डिझेल जळत नसलं तरी व्हॅक्यूम पुन्हा तयार व्हायला लागतो.

तेव्हा उद्या सकाळी थंड इंजिनवर तीन चाचण्या, मग तासभर रिकामी फिरवून गरम इंजिनवर त्याच, आणि जमलं तर गेजची दोन्ही वाचनं पेडल चार-पाच वेळा दाबून घेतलेली. पंप कुठे बसवलाय, डायनामो कधी बदलला का, मागे जादा पाटे आहेत का आणि घाट कोणत्या गिअरमध्ये उतरता, एवढं लिहा. त्यावरून पाइप, पंप की बारीक नळी हे सांगता येईल. पाइपच निघाला तर काम अर्ध्या तासाचं आहे. तो बदलल्यावरही आधी रिकाम्या गाडीने, छोट्या उतारावर, सलग ब्रेक मारून खात्री करा आणि मगच क्रेट चढवा.